वाघ आकडे वाचून आला

डिसेंबर 2024 मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला आणि जिल्हा खडबडून जागा झाला. ज्या धाराशिवात वनाच्छादन एक टक्कासुद्धा भरत नाही, तिथे वाघ? यवतमाळच्या टिपेश्वरातून शेकडो किलोमीटर चालत, शिवारं, नद्या, महामार्ग ओलांडत स्वारी आली होती. अभयारण्य उणंपुरं 22 चौरस किलोमीटरचं. नर वाघाला म्हणजे वन-आर-केच. तरी स्वारी रमली.

जनावरं मारली जाऊ लागली, तसे शेतकरी धास्तावले. ती धास्ती खोटी नव्हती. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला जाणाऱ्याला जैवविविधतेवर व्याख्यान देऊन भागत नाही. वाघ पकडायला ताडोब्याकडून पथक आलं, त्याला वाघानं बरंच झुलवलं. जिल्ह्यात यंत्रणेला न सापडणारे लाभार्थी पुष्कळ आहेत, त्यात एकाची भर पडली.

पण तो इथं आलाच कसा? माझा अंदाज असा, की त्यानं आपली वृक्षलागवडीची आकडेवारी वाचली. राज्याचं उद्दिष्ट 2016 साली 2 कोटी, 2017 ला 4, 2018 ला 13 आणि 2019 ला थेट 33 कोटी झाडं. कोणताही सरळमार्गी वाघ हे वाचून निघणारच. पुढं त्या 33 कोटींची चौकशी करायला विधिमंडळाची समिती नेमावी लागली, हे त्याला वाटेत कोण सांगणार?

बरं झालं, तो शहरात शिरला नाही. शहरी उद्यानाची आपली व्याख्या त्याला झेपली नसती: खाली पेव्हर ब्लॉक, मधे कारंजं (बंद), कडेला ओपन जिम आणि सेल्फी पॉइंट. उरलेल्या जागेत लॉन. त्यात सरडासुद्धा लपू शकत नाही, मग खार, घुबड, मुंगूस यांची काय कथा? धाराशिवजवळच्या हातलादेवीच्या डोंगराचंही एकदा असंच सुशोभीकरण उरकलं, की तिथल्या मोरांना तिकीट लावता येईल.

शहरातल्या झाडांसाठी कायदा आहे आणि तो हिशेबाला पक्का आहे. 2021 च्या दुरुस्तीनुसार जेवढ्या वयाचं झाड तोडाल, तेवढी रोपं लावा. ऐंशी वर्षांचा वड पाडला, तर ऐंशी रोपं. कागदावर नफाच नफा! फक्त लाकडाच्या कोरड्या वजनात निम्मा कार्बन असतो आणि त्या ऐंशी रोपांचं एकत्र वजन वडाच्या एका फांदीएवढंही भरत नाही. वडावरची घरटी, ढोल्या, वटवाघळं यांचं पुनर्वसन कुठल्या कलमात बसतं, ते शोधणं चालू असावं.

सगळ्यात मोठा विनोद माळावर चालतो. कुसळीचं पिवळं माळरान दिसलं, की आपण सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ लिहून मोकळे होतो. त्या माळावर काळवीट चरतं, लांडगा पिलं वाढवतो, चंडोल जमिनीवर घरटं करतो. गवत आपला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत साठवतं. वरून वणवा गेला तरी खालची ठेव शाबूत राहते. ही ठेव मोडायला आपण जेसीबी आणतो, खड्डे खणतो, गिरिपुष्पाच्या रांगा लावतो, जिओ-टॅगचा फोटो काढतो आणि त्याला हरित क्रांती म्हणतो. लांडग्याला फोटोत घेत नाहीत.

म्हणून यंदाच्या पावसाळ्यासाठी नम्र सूचना. रोपं जुलैत मोजू नका, तिसऱ्या उन्हाळ्यात मोजा. शहरात असलेली म्हातारी झाडं सांभाळा. आणि माळरानावर ‘काहीच न करण्याचं’ अभियान राबवा. या कामाचा दांडगा अनुभव असलेलं मनुष्यबळ आपल्या कार्यालयांत मुबलक आहे. त्याचा उपयोग मात्र पहिल्यांदाच होईल.