क्लॅम्पची निगा : तत्त्व आणि व्यवहार

लाकडाचे दोन तुकडे जोडल्यावर फेविकॉल धरेपर्यंत त्यांना जागचे हलू न देणारे लोखंडी साधन म्हणजे क्लॅम्प. सी-क्लॅम्प, एफ-क्लॅम्प आणि पाइप क्लॅम्प हे त्याचे नेहमीचे प्रकार. एरवी तो सुरळीत फिरतो. अडतो तो फक्त फेविकॉल लावून झाल्यावर. म्हणून निगा आधी राखावी लागते.

क्लॅम्पचे शत्रू तीन : वाळलेला फेविकॉल, गंज आणि शेजारी.

फेविकॉल ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसता येतो. उपाय फारच सोपा असल्याने तो सहसा कोणी करत नाही. वाळल्यावर कोमट पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवावे आणि मऊ पडलेला पापुद्रा लाकडी पट्टीने खरवडावा. त्यासाठी पटाशी घेतल्यास पटाशीला धार लावण्याचे जादा काम विनासायास मिळते.

आट्यांवरचा वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो. मुरलेल्या गंजासाठी सुटे भाग रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवावेत, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच खडखडीत कोरडे करावेत. व्हिनेगर स्वयंपाकघरातले असल्यास परवानगी बुडवण्यापूर्वी घ्यावी.

यानंतर तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. तेलात भुसा बसून आट्यांत कणीक तयार होते, शिवाय लाकडाला तेल लागले की त्या जागी पॉलिश धरत नाही. त्याऐवजी आट्यांवर साधी मेणबत्ती घासून मूठ चार-पाचदा मागेपुढे फिरवावी. एफ-क्लॅम्पच्या दांड्याला मात्र मेण लावू नये. त्याचा सरकता हात दांड्यावर किंचित तिरका होऊन अडकतो, म्हणूनच पकड बसते. दांडा गुळगुळीत झाला की दाब येताच हात मागे सरकतो आणि जोड उघडतो.

ओला फेविकॉल, उघडे लोखंड आणि टॅनिन असलेले लाकूड एकत्र आले की लाकडावर काळे डाग पडतात. मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा. मुठीत पाइप अडकवून जोर लावू नये. त्याने स्क्रू वाकतो. हाताने आवळून जी फट मिटत नाही, तिचा प्रश्न क्लॅम्पचा नसून रंध्याचा असतो.

काम झाल्यावर जबडे सैल सोडून क्लॅम्प कोरड्या भिंतीवर टांगावेत. पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळावी.

तिसऱ्या शत्रूवर व्हिनेगर चालत नाही. ‘दोन मिनिटांसाठी’ मागायला आलेल्या शेजाऱ्याला नकार देता येत नसेल, तर सर्वांत जाम झालेला क्लॅम्प द्यावा. तो हमखास परत येतो. शेजारी चिकाटीचा असला, तर फिरता होऊनही.