अर्ध्या हळकुंडाने अख्खी सोसायटी पिवळी!

अहो, चाललंय काय हे? ज्या हळदीच्या दुधासाठी आजीला आपल्यामागे घरभर धावावं लागायचं, ते दूध आता कॅफेत ‘टर्मरिक लाटे’ म्हणून फेसाची टोपी घालून बसलंय! आणि एका घोटासाठी आजीकडून खडीसाखरेची लाच खाणारे आपण तिथे मुकाट कार्ड पुढे करतो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच ना?

शेजारच्या काकूंचं तर विचारूच नका. सकाळी कोमट पाण्यात हळद, दुपारी ताकात, रात्री तोंडाला. बेसिन पिवळं, उशांचे अभ्रे पिवळे. काका तेवढे कावीळ झाल्यासारखे दिसायचे राहिलेत. वरणाला नाक मुरडणारा त्यांचा जिमवाला चिरंजीव कर्क्युमिनच्या गोळ्या गिळतो. का? तर म्हणे, ‘अँटीऑक्सिडंट’!

आता हळदीत कर्क्युमिन असतं किती? शंभरात साधारण 3 भाग. ते जंतूंना लोळवतं हे 1949 मध्येच ‘नेचर’मध्ये छापून आलंय, पण ती कुस्ती काचेच्या बशीतली. पोटात गेल्यावर पठ्ठ्या रक्तापर्यंत पोचतो कुठे? मिरीतलं पायपेरीन सोबत दिलं, तर रक्तातलं प्रमाण 20 पट वाढतं, असं 1998 मध्ये बंगळुरूच्या प्रयोगात दिसलं. झालं! तेव्हापासून दुधात मिरी, चहात मिरी. अहो, पण नगण्याच्या 20 पट म्हणजे किती, हे कोणी विचारायचं? तिकडे इटलीत 2019 मध्ये हळदीच्या गोळ्या खाऊन लोकांची यकृतं सुजली. पण ऐकतंय कोण? पी हळद नि हो गोरी!

आठवतंय ना, 1995 मध्ये अमेरिकेनं जखमेवर हळद लावायचं पेटंट देऊन टाकलं होतं? केवढे खवळलो होतो आपण! शास्त्रज्ञ माशेलकरांच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेनं भांडून 1997 मध्ये ते रद्द करवलं, तेव्हा ‘आमच्या आजीची हळद’ म्हणत कॉलर कोणी ताठ केली होती? आणि आता त्याच अमेरिकेतून भाच्याकडून हळदीच्या गोळ्यांची बाटली कोण मागवतंय?

आम्ही? छे छे! आम्ही फक्त गंमत बघतो.

हसताय काय? जरा नखं दाखवा बघू तुमची!