पासवर्डाचा पटवारी

निजामाच्या राज्यात गावच्या जमिनीचे दप्तर सांभाळणाऱ्या वतनदाराला मराठवाड्यात पटवारी म्हणत असत, आणि दप्तरात आपल्या नावापुढे नेमके काय लिहिले आहे हे बहुतेक कुळांना वाचता येत नसल्यामुळे पटवाऱ्याची स्मरणशक्ती, त्याचा स्वभाव आणि प्रसंगी त्याची पोटदुखीसुद्धा गावाच्या मालमत्तेवर परिणाम करून जाई. ते वतन कायद्याने संपले. गादी मात्र फार काळ रिकामी राहिली नाही. आज इस्लापूरसारख्या गावात ती तिशीतल्या एका तरुणाकडे आली असून त्याच्या दप्तरात जमिनीऐवजी पासवर्ड आहेत. बँकेच्या ऑनलाइन खात्यात शिरताना खातेदाराने भरावयाची जी गुप्त अक्षरमाला, तिला पासवर्ड म्हणतात. ती फक्त एकाच माणसाला ठाऊक असावी असा बँकेचा आग्रह असतो, आणि इस्लापुरात ती खरोखरच एकाच माणसाला ठाऊक असते. तो माणूस खातेदार नसतो, एवढाच काय तो फरक.

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील, मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे गाव. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहायला निघालेले लोक त्याला वाटेवरचे गाव समजतात; आसपासचे तांडे, गोंड आणि आंध वस्त्या व कापसाची शिवारे मात्र त्याला कामाचे गाव समजतात, आणि ज्या कामासाठी येतात त्यातले निम्मे हल्ली पटवाऱ्याच्या दुकानात होते. झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज आणि पासपोर्ट फोटो अशी पाटी असलेल्या या दुकानात पाटीवर नसलेलाच धंदा अधिक चालतो. बँकेने नेमलेला ‘बँक मित्र’ आणि पटवारी यांत गल्लत करू नये. बँक मित्राला ओळखपत्र असते, अंगठा घेण्याचे यंत्र असते, ठरलेले कमिशन असते आणि काय करावे व काय करू नये याचे नियम असतात. पटवाऱ्याला नेमणूकच नसल्यामुळे मर्यादाही नाही. गाव त्याला ‘ऑनलाइनवाला’ म्हणते, बाया ‘भाऊ’ म्हणतात आणि म्हाताऱ्या ‘लेकरा’ म्हणून हाक मारीत कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी त्याच्यापुढे उलटी करतात, जीतून पासबुक, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले एक बंद पडलेले सिमकार्ड निघते.

पटवाऱ्याचे शिक्षण बहुधा डी.एड. झालेले असते. शिक्षक व्हावे म्हणून त्याने ही पदविका घेतली, आणि शिक्षकभरती निघण्याची वाट पाहता पाहता तो अर्ज भरण्यात तज्ज्ञ झाला. शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल, पोलीसभरती, वनरक्षक अशा प्रत्येक ठिकाणी वेगळे वापरकर्तानाम, म्हणजे संगणकापुढे सांगावयाचे आपले नाव, आणि वेगळा पासवर्ड घ्यावा लागत असल्याने त्याच्याकडे स्वतःचीच एवढी गुपिते साठली की त्यांसाठी दोनशे पानी वही करावी लागली. २०२३ च्या तलाठीभरतीतही तो बसला होता. तीत तो निवडला गेला असता तर सातबाऱ्याचे दप्तर त्याच्या हाती आले असते. न निवडला गेल्यामुळे गावाचे बाकी सगळे दप्तर आले.

त्याचे शास्त्रीय महत्त्व ध्यानात येण्यासाठी सुरक्षित प्रवेशाचा सिद्धान्त थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. समोरचा माणूस तोच आहे हे पटवून घेण्याचे तीन मार्ग मानले जातात: त्याला काय ठाऊक आहे, त्याच्यापाशी काय आहे, आणि तो स्वतः काय आहे. पहिल्यात पासवर्ड व पिन येतात, दुसऱ्यात मोबाइल आणि तिसऱ्यात अंगठा, बुबुळ किंवा चेहरा. यांपैकी दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे एकदम मागितले, तर चोराच्या हाती एक लागले तरी दुसरे लागणार नाही, या तत्त्वाला द्विस्तरीय पडताळणी म्हणतात. कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना असा दुसरा पुरावा मागण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच केली. सिद्धान्त निर्दोष आहे. त्याने गृहीत धरलेला खातेदार, म्हणजे स्वतःच्या नावाचा मोबाइल स्वतःच्या खिशात बाळगणारा, रोमन अक्षरे वाचणारा आणि आपले पैसे ही आपली खासगी बाब आहे असे मानणारा गृहस्थ, इस्लापुरात अजून मोठ्या संख्येने अवतरायचा आहे, एवढीच अडचण आहे. येथे खाते आईचे असते, खात्याला जोडलेला क्रमांक मुलाचा असतो, मुलगा हैदराबादेत बांधकामावर असतो, आणि आईचा अंगठा कापूस वेचून वेचून असा गुळगुळीत झालेला असतो की यंत्रापुढे तो पाच वेळा ठेवून ती शेवटी ‘थंब लागंना रे लेकरा’ म्हणते. परिणामी तीन पुराव्यांपैकी पहिला पटवाऱ्याला ठाऊक असतो, दुसरा त्याच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला असतो आणि तिसरा समोरच्या बाकावर पाणी पीत बसलेला असतो.

पटवारी पासवर्ड कसा घडवतो, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बँकेची अट अशी की पासवर्डात एक मोठे अक्षर, एक लहान अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह असावे. देवनागरी लिपीत अक्षराला मोठे-लहान करण्याची सोय नसल्यामुळे ही अट ऐकून ज्येष्ठ खातेदार प्रथम पटवाऱ्याकडे आणि मग एकमेकांकडे पाहतात, व ‘तुमच्या मनाने टाका’ असा ठराव एकमताने संमत होतो. पटवाऱ्याच्या मनात सूत्र तयारच असते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली आधारची पीडीएफ प्रत उघडण्यासाठी नावाची पहिली चार रोमन अक्षरे आणि जन्मवर्ष टाकावे लागते. दिवसातून वीस वेळा हे केल्यामुळे त्याला हीच जगाची रीत वाटू लागली असून, त्यात एक चिन्ह घातले की बँकेचा पासवर्ड होतो, हा त्याचा शोध आहे. चिन्ह नेहमी ‘ॲट द रेट’चे असते, कारण दुसऱ्या चिन्हांची नावे फोनवर सांगता येत नाहीत. ज्या बँका जन्मवर्षावर समाधान न मानता पूर्ण तारीख मागतात त्यांच्यासाठीही काम सोपे आहे. कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या पिढीची जन्मतारीख १ जून लिहून ठेवली, आणि ज्यांना शाळाच दिसली नाही त्यांना आधारच्या शिबिरात १ जानेवारी मिळाली. या भागात जन्मतारीख विचारून माणूस ओळखू पाहणाऱ्या यंत्रणेने सहानुभूतीस पात्र व्हावे, असेच एकंदर चित्र आहे.

येथे हेही नमूद केले पाहिजे की चिन्हे व आकडे कोंबण्याची ही सक्ती पटवाऱ्याने निर्माण केलेली नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर नावाच्या अधिकाऱ्याने २००३ मध्ये ती शिफारस लिहिली, जगभरच्या बँकांनी ती शिरोधार्य मानली, आणि २०१७ मध्ये त्या संस्थेने लांब, लक्षात राहील असा शब्दसमूह बरा आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असे नवे धोरण स्वीकारले, तेव्हा निवृत्त झालेल्या बर यांनी जुन्या सल्ल्याबद्दल खेदही व्यक्त केला. हा खेद इस्लापूरपर्यंत पोहोचलेला नाही. तेथे अजून दर काही महिन्यांनी ‘आपल्या पासवर्डाची मुदत संपली आहे’ असा संदेश येतो आणि पटवारी सूत्राच्या शेवटी १ च्या जागी २ लिहितो.

पासवर्ड विसरल्यास विचारावयाचे गुप्त प्रश्न हे तर या व्यवस्थेचे सर्वांत रमणीय अंग होय. तुमच्या आईचे माहेरचे आडनाव काय, या प्रश्नाचे उत्तर फक्त खातेदाराला ठाऊक असेल अशी ज्याने कल्पना केली, त्याच्या आईच्या लग्नाला गाव जेवले नसावे. पहिली शाळा सर्वांची जिल्हा परिषदेची, आवडते जनावर सर्वांचे सर्जा किंवा राजा. एकच प्रश्न खरोखर अवघड ठरतो आणि तो जन्मजिल्ह्याचा. इस्लापूर मंडल पूर्वी हैदराबाद संस्थानातील, पुढे हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. राज्य पुनर्रचना कायद्याने, म्हणजे भाषेच्या आधारावर राज्यांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या कायद्याने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते तेथून काढून तेव्हाच्या मुंबई राज्यात घातले. त्यापूर्वी जन्मलेल्या आजोबांचे खरे उत्तर एक आणि कागदावरचे दुसरे, अशी स्थिती असल्याने तिसऱ्या प्रयत्नाला खाते गोठते. ज्याचे गुपित संसदेनेच बदलले, तो खातेदार मग पटवाऱ्याला विचारतो, ‘मग मी जल्मलो कुठं म्हणावं?’ आणि पटवारी वहीत पाहून सांगतो.

वहीचा उल्लेख आला आहेच, तर तिच्यातील नोंदी नावांच्या अनुक्रमाने नसून नात्यांच्या अनुक्रमाने असतात. ‘स्टेशनवाल्या मामीचा थोरला’, ‘तांड्यावरच्या नायकाची सून’, ‘हैदराबाद बँकवाले काका’ अशी शीर्षके तीत आढळतात. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, तरी काकांच्या व वहीच्या लेखी ती अस्तित्वात आहे. संगणकतज्ज्ञ या वहीला संकेतलिपीबद्ध म्हणणार नाहीत. पण स्टेशनवाल्या मामी कोण हे ठाऊक नसलेल्या चोराला तिचा काहीही उपयोग नाही, हे त्यांनाही मान्य करावे लागेल.

पटवाऱ्याच्या कलेचा कळस मात्र ओटीपीच्या वेळी दिसतो. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा आणि काही मिनिटांतच मरणारा क्रमांक, जो बँक नोंदणीकृत मोबाइलवर पाठवते. तो मोबाइल ऊसतोडीच्या फडात किंवा हैदराबादेत असल्याने दोन फोन, तीन माणसे आणि एक वाहिनी यांची जुळवाजुळव करावी लागते. पटवारी आधी फोन लावून ‘लाइनवरच राहा’ असे बजावतो, मग कळ दाबतो, आणि नंतर दुकानात पूर्ण शांतता पसरते. ज्याचे काहीच काम नाही तो झेरॉक्सवाला गिऱ्हाईकही श्वास रोखतो. पलीकडून आवाज येतो, ‘आला, आला. हा नंबर कोणालाही सांगू नका, बँकेचा माणूस पण विचारत नाही…’ त्यावर पटवारी ओरडतो, ‘ते राहू द्या, आकडे सांगा!’ आकडे मोठ्याने सांगितले जातात, पटवारी ते मोठ्याने पुन्हा म्हणतो, आणि बाकावरची सर्व मंडळी चूक होऊ नये म्हणून मनात ते घोकतात. गुप्त क्रमांकाची अशी सामुदायिक पडताळणी अन्यत्र क्वचितच होत असेल. २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत, म्हणजे लाभार्थीची ओळख ऑनलाइन तपासण्याच्या कामात, बहिणीबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली, तेव्हा माहेर-सासरचे अनेक अबोले पटवाऱ्याच्या टेबलावर दोन मिनिटांच्या मुदतीत सुटले. तेवढ्यात रेंज गेली तर ते पुन्हा धरले गेले.

हा माणूस प्रामाणिक आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तो वीस-तीस रुपये घेतो, म्हातारीकडून घेत नाही, आणि ‘पैसे पडले का रे?’ या प्रश्नाला दिवसभर न चिडता उत्तर देतो. नियम मात्र प्रामाणिकपणाची दखल घेत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष खातेदाराचा वा बँकेचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि खातेदाराने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर तोटा पडत नाही. पण त्याने स्वतः पासवर्डासारखी गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सारा तोटा त्याचाच. या व्याख्येने पंचक्रोशी निष्काळजी ठरते. गंमत अशी की ही पंचक्रोशी पटवाऱ्याकडे आपणहून वळलेली नसते; काउंटरच्या काचेआडून ‘ते बाहेरून ऑनलाइन करून आणा’ असा सल्ला मिळाल्यावरच ती वळते. आणि खरा धोका वहीत नसून सवयीत आहे. विश्वासाच्या आवाजाने मागितले की आकडे सांगायचे, हे एकदा अंगवळणी पडले, की एखाद्या दुपारी परका आवाज तितक्याच आपुलकीने ‘काकू, केवायसी संपली बघा’ म्हणतो आणि काकू वीस वर्षांच्या ओळखीने आकडे सांगून टाकतात. पटवाऱ्याला याची जाणीव असल्याने त्याने सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा राष्ट्रीय क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. दोन-तीन गिऱ्हाइकांनी तो आपला पिन म्हणून वापरायला सुरुवात केल्याचे त्याला उशिरा कळले.

अलीकडे त्याच्या वतनावर नवे संकट आले आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या व १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरविलेल्या निर्देशांत दोन स्तर कायम ठेवून एसएमएसखेरीज अन्य मार्गांनाही वाव दिला आहे. पीएम-किसानची ई-केवायसी तर २०२३ पासूनच चेहरा दाखवूनही होते. चेहरा फोनवरून सांगता येत नाही, हे पटवाऱ्याने चटकन ओळखले, आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून वर एक बल्ब लावला. यंत्राला समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे याची खात्री हवी असते, म्हणून ते डोळे मिचकावायला सांगते; तेव्हा ‘काकू, पदर मागं घ्या, डोळे मिटा, आता उघडा, हसू नका’ असे हुकूम हल्ली बाहेर रस्त्यावर ऐकू येतात, आणि मोतीबिंदू काढलेले आजोबा डोळे मिटले की उघडायचेच विसरत असल्याने त्यांच्यामागे एक नातू उभा करावा लागतो. बाहेरगावी गेलेल्यांचा प्रश्न तेवढा उरला आहे. त्यासाठी हैदराबादेतील नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावून तो पडदा दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरण्याचा प्रयोग पटवाऱ्याने केला; नवऱ्याने चार वेळा डोळे मिचकावले, बायकोने त्याला ‘नीट बघा की’ म्हणून दटावले, आणि यंत्रणेने दोघांनाही नाकारले. पटवाऱ्याच्या मते दोष बल्बचा होता, आणि त्याने त्याहून मोठा बल्ब मागवला आहे.