चिमणीचे कारभारी

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या अव्वल कारकुनाचे दप्तर सुटते, परंतु अंमल गाजविण्याची सवय सुटत नाही. आणि हाताखाली आता कोणी उरले नसल्यामुळे तिचा सारा भार स्वयंपाकघरावर येऊन पडतो. मुलाच्या आग्रहाखातर ओट्यावर विजेची चिमणी बसवून घेऊन तिचे पालकत्व आपण होऊन पत्करणारा असा एक तरी गृहस्थ प्रत्येक सोसायटीत आढळतो.

चिमणी बसविणाऱ्या कारागिराच्या हातची टेप घेऊन शेगडीपासूनचे अंतर त्याने जातीने मोजलेले असते. कारण ते साधारणतः 65 ते 75 सेंटिमीटर असावे, कमी भरल्यास ज्वाळा जाळीला भिडण्याचा आणि अधिक भरल्यास धूर परस्पर घरात पसरण्याचा संभव, हे त्याने माहितीपुस्तिकेत तांबड्या शाईने अधोरेखित केलेले असते. मग भिंतीवर जाहीरनामा लागतो. फोडणीपूर्वी काही मिनिटे चिमणी सुरू करावी. भांडे उतरल्यावर मोकळ्या बर्नरवर मोठी आच ठेवू नये. बाहेर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या जागी नवी हवा यावी म्हणून खिडकी किलकिली असावी, अन्यथा गॅसच्या गिझरचा विषारी वायू उलट घरात शिरतो. आणि गॅसचा वास आल्यास, ठिणगी उडू नये म्हणून, चिमणीच्या बटणाला स्पर्शही न करता रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. यांतील एकही कलम चुकीचे नाही, हेच घरच्यांचे खरे दुर्दैव!

शनिवारी तपासणी असते. चष्मा कपाळावर चढवून तो जाळीवरून तर्जनी फिरवितो, बोटावरचा चिकटा अत्तर पारखावे तसा नाकाशी नेतो आणि ‘तेल साचून पेट घेण्यास योग्य’ असा शेरा रजिस्टरात नोंदवितो. जाळी उकळत्या पाण्यात सोडा घालून खरवडण्याचे काम अर्थातच अन्य खात्याकडे वर्ग होते.

एके दिवशी वडे तळताना कढईतले तेल खरोखरच पेटले. यजमान भिंतीपाशी उभे राहून खणखणीत स्वरात वाचू लागले, “कलम नववे : पेटत्या तेलावर पाणी कदापि...”

“अहो, वाचा सावकाश,” म्हणत पत्नीने गॅस आणि चिमणी बंद करून कढईवर परात पालथी घातलीसुद्धा.

सायंकाळी रजिस्टरात नोंद पडली : ‘हुकमाची तामिली समाधानकारक, तथापि कलमाचे वाचन पूर्ण होण्यापूर्वीच कार्यवाही केल्याबद्दल खुलासा मागविण्यात यावा.’ खुलासा आला नाही. मात्र त्याच नोंदीखाली, पत्नीच्या टपोऱ्या अक्षरात, जाळी धुण्याचे खाते तत्काळ प्रभावाने यजमानांकडे वर्ग झाल्याचा हुकूम उमटला, आणि उभ्या हयातीत वरिष्ठांच्या सहीपुढे मान तुकविलेल्या त्या कारकुनाने तो निमूटपणे बजावून घेतला.