चरोद्याच्या नवसंशोधकांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

आजोबा रेल्वेत, वडील भिलाई स्टील प्लांटमध्ये, तुम्ही स्वतः नुकतेच निवृत्त. आणि छत्तीसगढातल्या मराठी माणसांचा इतिहास आपणच लिहायचा, असं तुमच्या मनाने घेतलं आहे. घरचे काही बोलत नाहीत, कारण त्यांनाही तुम्ही दुपारभर बाहेर असलेले हवे आहात. शासकीय ग्रंथालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही. पुढच्या सूचना क्रमाने पाळा.

१. विषय आटोक्यात आणा. भास्करराम कोल्हटकरांची १७४१ची रतनपूरवरची स्वारी, बिंबाजी भोसल्यांचा कारभार, माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून काढलेलं ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक, हे सगळं डोक्यात असू द्या. अर्जातल्या ‘संशोधनाचा विषय’ या रकान्यात जेमतेम दोन बोटं जागा असते. तिथे ‘इतिहास’ लिहा. पुढे कुणी विचारत नाही.

२. आपलं गाव कोणत्या राजधानीचं, ते पाठ करा. चरोदा जागचं हललेलं नाही. राजधानी मात्र १ नोव्हेंबर १९५६ला नागपूरची भोपाळ झाली आणि १ नोव्हेंबर २०००ला भोपाळची रायपूर. कागदांना हे वेळेवर कळवलं गेलं असेलच असं नाही. म्हणून रायपुरात विचारलंत तर ‘भोपाल में देखिए’ ऐकाल, भोपाळात नागपूरचं नाव निघेल, आणि नागपुरात एखादा सज्जन चष्मा कपाळावर चढवून म्हणेल, “ते तर आता छत्तीसगढात गेलं ना भाऊ!” वाईट वाटून घेऊ नका. आपल्या रेल्वे यार्डात वाघिणी अशाच एका रुळावरून दुसऱ्या रुळावर ढकलतात, आणि शेवटी कुठल्या तरी गाडीला जोडतातच.

३. सभासद व्हा. आधार, दोन फोटो आणि राजपत्रित अधिकाऱ्याचं शिफारसपत्र. ‘संस्था’ या रकान्यापुढे ‘काही नाही’ लिहू नका. संस्थेशिवाय कुणाला जिज्ञासा असू शकते, हे कार्यालयाला पटत नाही. गणेशोत्सव मंडळाचा शिक्का चालून जातो.

४. सूची पाहा. शं. ग. दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८००पासूनच्या पुस्तकांची नोंद देते, तिच्यापासून सुरुवात करा. एखादं पुस्तक कधी काळी छापलं गेलं होतं, एवढी खात्री तिथे नक्की होते. मग संगणकाकडे वळा. तुम्हाला आपल्या दुर्ग जिल्ह्याचं नेल्सनचं १९१०चं गॅझेटियर हवं आहे. ‘दुर्ग’ आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर काही सापडणार नाही. साहेबाने त्याचं स्पेलिंग डी-आर-यू-जी केलं होतं. ते टाका. आधी औषधनिर्माणशास्त्राची पाठ्यपुस्तकं येतील. घाबरू नका, खाली सरकत राहा. गोळ्या-इंजेक्शनं संपली की आपला जिल्हा लागतो.

५. मागणीपत्र दोन प्रतींत भरा. कार्बन पेपर आपला आपण न्या. उत्तरं तीनच प्रकारची असतात. ‘बाइंडिंगला गेलंय’ म्हणजे पुस्तक आहे. ‘जागेवर नाही’ म्हणजेही आहे, पण त्या मजल्यावरचा पंखा बंद आहे. ‘इश्यू झालंय’ हे उत्तर संदर्भ विभागात मिळालं, तर तिथली पुस्तकं बाहेर देतच नाहीत हा नियम चुकूनही बोलून दाखवू नका. नियम माहीत असलेला वाचक कुणालाच आवडत नाही. वाचकाचा वेळ वाचवावा, असा एक नियम ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१मध्ये घालून दिला आहे. त्यांच्या स्मरणार्थ १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी मागणीपत्र देऊ नका. सगळे सभागृहात रंगनाथनांवरचं व्याख्यान ऐकत असतात.

६. खुर्ची मिळवा. ही खरी कसोटी. वाचनकक्षातली प्रत्येक खुर्ची रेल्वे भरती, पोलीस भरती आणि लोकसेवा आयोगाच्या मुलांनी पहाटेपासून धरलेली असते. टेबलावर त्यांचे स्वतःचे गाईड, स्वतःची पाण्याची बाटली, चार्जरची वायर, आणि जागेवर नसलेल्या मित्राच्या खुर्चीवर रुमाल. ग्रंथालयाच्या पुस्तकाला त्यातला कुणी हात लावत नाही, आणि त्यात त्यांची काय चूक? घरी एका खोलीत पाच माणसं, वर टीव्ही. इथे निदान शांतता आणि ट्यूबलाइट आहे. या इमारतीचा सर्वांत रास्त उपयोग तेच करत आहेत. म्हणून त्यांच्याशी भांडू नका. जेवणाच्या सुट्टीत बसा, आणि ‘अंकल, कौनसा एग्ज़ाम?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा.

७. घरबसल्या मार्गही आहे. जुनी गॅझेटियरं स्कॅन होऊन मोबाइलवर आली आहेत. जे पुस्तक जागेवर नाही, त्याच्या पहिल्या पानावर कधी कधी त्याच ग्रंथालयाचा शिक्का दिसतो. ते टिपून ठेवा, बोलू नका. काही पानांवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठाही भेटेल. शेवटचा घडीचा नकाशा मात्र कुणी उलगडलेलाच नसतो. घडी जशीच्या तशी स्कॅन होते: एक कोपरा, अर्धी नदी आणि मोजपट्टीचा तुकडा. तुम्हाला हवं असलेलं गाव घडीच्या आत असतं. तेव्हा पुन्हा पाचवी पायरी.

८. आता गुपित. साहेबांना भेटू नका, कपाटांच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला आहेत त्याला भेटा. दुपारी तीनच्या चहाला त्याला सोबत न्या आणि पुस्तकाचं नाव सांगू नका. रंग सांगा, जाडी सांगा. “लाल पुठ्ठा? उंदराने कोपरा खाल्लेला? वो तो सीढ़ी के नीचे है,” म्हणत तो पाच मिनिटांत आणून देईल. चहाचे पैसे तुम्हीच द्या. संदर्भसेवा म्हणतात ती हीच.

९. ग्रंथ छापून झाला की १९५४च्या कायद्याप्रमाणे एकेक प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रकाशकाने पाठवायची असते. स्वतःच छापला असेल तर टपालखर्च तुमचा. चरोद्याला पाठवा, असं कायद्यात कुठेही नाही. एक प्रत घरी ठेवा आणि शेजाऱ्याने वाचायला मागितली, तर आधी मागणीपत्र भरून घ्या. दोन प्रतींत.