ग्रिंचच्या बाजूने

डॉ. स्यूसच्या १९५७च्या पुस्तकावरून चक जोन्सने १९६६ साली अमेरिकी टीव्हीसाठी केलेला ‘हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ हा जेमतेम २६ मिनिटांचा कार्टूनपट. डोंगरावर एकटा राहणारा हिरवा ग्रिंच पायथ्याच्या हूव्हिल गावातला नाताळ रातोरात पळवतो, एवढंच कथानक. त्याला नाताळचा इतका राग का, याची निवेदक तीन कारणं सुचवतो: डोकं जागेवर नसेल, बूट घट्ट होत असतील, किंवा काळीज दोन मापांनी लहान असेल. शेवटचं त्याला सर्वात पटतं. आरोपीचा जबाब घेण्याआधीच वैद्यकीय अहवाल तयार! वास्तविक ग्रिंच पहिल्यापासून एकच सांगतोय: आवाज. नाताळ उजाडला की पोरं खेळण्यांवर तुटून पडणार, ढोल-पिपाण्यांनी डोंगर दणाणणार, आणि हे त्याने ५३ वर्षं सोसलंय. निवेदक आणि ग्रिंच दोघांनाही आवाज बोरिस कार्लॉफचाच, तरी एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या कानावर जात नाही. डीजेच्या भिंतीसमोर फ्लॅट असलेल्या कुणालाही विचारा, त्रेपन्नाव्या वर्षी काळजाचं माप किती उरेल?

हेतू आवाजाचा धरला की कथानक नीट उलगडतं. चोराला माल हवा असतो. ग्रिंच मात्र सगळं गाठोड्यांत बांधून, बिचाऱ्या मॅक्स कुत्र्याला स्लेजला जुंपून दहा हजार फूट चढतो, तो केवळ ते खाली ढकलून द्यायला. ही चोरी नव्हे, जप्ती आहे. मग उंदरालाही पुरणार नाही एवढा चुरा सोडून बाकी सगळा खाऊ कशाला उचलला, असं कुणी विचारेल. जप्तीवाला एकदा घरात शिरला की चुऱ्याखेरीज काही सोडत नाही, एवढंच उत्तर. दुसरा आक्षेप जड आहे. ग्रिंचला सर्वात नकोसं वाटायचं ते हू मंडळींचं गाणं, आणि शेवटी तो विरघळतो तोही गाण्यानेच. मग आवाजाचा मुद्दा टिकतो कसा? उलट इथेच तो पक्का होतो. इतकी वर्षं ते गाणं यायचं दिवसभराच्या धिंगाण्यानंतर, कान किटल्यावर. त्या पहाटे ढोल-पिपाण्या डोंगरमाथ्यावर, स्लेजमध्ये. गाव हातात हात घालून गायला लागलं आणि ग्रिंचला ते पहिल्यांदाच धड ऐकू आलं. काळीज तीन मापांनी वाढलं ते त्यानंतर.

पटकथा खरोखर लंगडी पडते ती पुढे. कृतार्थ ग्रिंच ढोलसुद्धा परत करतो आणि गाव त्याला मेजवानीचं मांस कापायचा मान देतं. तक्रारदाराला मानाचं पान वाढून तक्रार निकालात काढायची ही रीत आपल्याही ओळखीची आहे. २०१८च्या कार्टूनपटाने तर मूळ तक्रार बाजूला सारून ग्रिंचला अनाथाश्रमातलं एकाकी बालपण चिकटवलं. ५३ वर्षांच्या गोंगाटाला असल्या ठिगळाची गरज नव्हती. पाहायचाच तर १९६६चा पाहा, आणि टीव्हीचा आवाज बेताचा ठेवा.