गड आला, पण पोट गेलं नाही

अहो, काय सांगायचं! चांगल्या घरातले, जावई आलेले, एके काळी ज्यांच्या सहीशिवाय बँकेत कर्ज मंजूर व्हायचं नाही असे पुरुष पहाटे साडेचारला घराबाहेर पडतात, आणि तेही अशा कपड्यांत की वॉचमननं मान खाली घालावी. अंगाला चिकटलेली काळी चड्डी, बुडाला आतून उशी शिवलेली. त्या चड्डीच्या आत दुसरं काहीही घालायचं नसतं, हे शेजारच्या वहिनींना कळलं तेव्हा त्या दोन दिवस त्या गृहस्थांशी बोलल्या नाहीत. गृहस्थ त्यांचेच यजमान, त्यामुळे पंचाईत जास्त.

आणि जातात कुठे, तर सिंहगडावर. सायकलनं! पूर्वी पुण्यात स्कूटर परवडत नाही म्हणून माणूस सायकल चालवायचा. आता स्कूटरच्या दुप्पट किमतीची सायकल आणतात आणि घरी किंमत सांगताना एक शून्य गाळतात. 2020च्या टाळेबंदीनंतर तर ही साथच आली. दुकानदार म्हणायचे, पैसे ठेवून जा, सायकल आली की कळवतो. आणि ही मंडळी खरंच ठेवून जायची!

पंचविशीतली शिडशिडीत पोरं घाट चढतात, त्यांचं एक वेळ सोडून देऊ. खरी कुजबुज आहे ती नव्वदी ओलांडलेल्यांची. वयाची नव्हे हो, किलोंची.

गड समुद्रसपाटीपासून 1312 मीटर उंच. खालून वाहनतळापर्यंत घाटाचा रस्ता 8-9 किलोमीटर, आणि तेवढ्यात साधारण 600 मीटर उंची गाठायची. आता हिशेब करा. माणूस 95 किलो, सायकल 10. म्हणजे 105 किलोंचा ऐवज 600 मीटर उचलायचा. 58 किलोंचा पोरगा आठ किलोंच्या सायकलवर बसून 66 किलो उचलतो आणि वर जाऊन फोटो टाकतो. आपल्या काकांनी त्याच्या दीडपटीहून जास्त काम केलेलं असतं, पण मोबाइलमधलं ते स्ट्रावा नावाचं यंत्र काय मोजतं? वेळ! किलोंचा रकाना असला तरी तो बघतं कोण! सरळसरळ अन्याय आहे, आणि मी तर म्हणते हे सगळं बारीक माणसांचं कारस्थान आहे.

काकाही काही कमी नाहीत म्हणा. सायकलचं वजन अर्धा किलो कमी व्हावं म्हणून ते कार्बनची चाकं आणतात. त्या पैशांत मुलीचं केळवण धुमधडाक्यात झालं असतं. दीड तासाच्या चढाईत त्या अर्ध्या किलोनं वाचतात जेमतेम पंचवीस सेकंद. एवढा वेळ तर नाकावरचा घाम पुसण्यात जातो. एकानं म्हणे बाटली अडकवायचे स्क्रूसुद्धा टायटॅनियमचे करून घेतले, आणि बाटलीत लिटरभर कोकम सरबत भरलं.

प्रत्यक्ष घाटातलं दृश्य तर बघवत नाही. चढाला वेग ताशी सहा किलोमीटर. बाजूनं पायी चालणाऱ्या आजी विचारतात, 'पंक्चर झालीय का रे बाळा?' उत्तर द्यायला दम उरलेला नसतो. गडी जिभेनं ओठ चाटत पुढच्या चाकाकडे बघतोय, घामाचा थेंब हनुवटीवरून दांडीवर टपकतोय, उजव्या पोटरीवर चेनच्या काळ्या ग्रीसचा दातेरी शिक्का उठलाय. वळणाची आतली कड जास्त खडी असते म्हणून जाणते बाहेरून घेतात. नवखे आतून घेतात आणि तिथेच उभे राहतात. उभं राहणंही सोपं नाही. बूट पायडलमध्ये खटक्यानं अडकवलेले. खटका सुटेपर्यंत तोल जातो आणि 95 किलोंचं प्रतिष्ठित गृहस्थपण फांदीवरून फणस पडावा तसं आडवं होतं. त्यांना लागत फारसं नाही, पण मागून येणाऱ्या गाडीतली पोरं व्हिडिओ काढतात.

यातले जे शहाणे, त्यांनी चाकांचा नाद सोडून मागे ताटलीएवढं गिअरचक्र बसवून घेतलं. पुढे 34 दाते, मागेही 34. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. याला म्हणतात ग्रॅनी गिअर, म्हणजे आजीबाईंचा! पुरुषांना तो लावायची लाज वाटते. पण लाज बाळगून मागे 25 दाते ठेवले, तर तेवढ्याच वेगाला मिनिटाला पस्तीसच फेरे पडतात आणि प्रत्येक फेऱ्यात गुडघे गाऱ्हाणं घालतात. फ्रान्सच्या त्या मोठ्या सायकल शर्यतीत, टूर द फ्रान्समध्येसुद्धा, 1937पर्यंत धावत्या सायकलवर गिअर बदलायच्या यंत्राला बंदी होती, म्हणजे हा पुरुषी ताठा जुनाच. माझं विचाराल तर कार्बनच्या चाकांपेक्षा आजीबाईंचा गिअर लाख पटीनं बरा, आणि निम्म्याच्या निम्म्या पैशांत येतो.

या पंथाला दैवतही आहे: स्पेनचा मिगेल इंदुराइन. 1991 ते 1995 ओळीनं पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकला, आणि वजन सुमारे ऐंशी किलो. घाटात हलकीफुलकी पोरं उसळ्या मारायची, हा एका लयीत चढत राहायचा. कोणी पोटाकडे बोट दाखवलं की काका इंदुराइनचं नाव घेतात. त्याची उंची सहा फूट दोन इंच होती, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

आता वर पोचल्यावर काय होतं, ते हळूच सांगते. एवढ्या चढाईत अशा देहाच्या साधारण 600 कॅलरी जळतात. वर काय मांडलेलं असतं? पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. दुसरी प्लेट येते तेव्हाच खातं बरोबरीत आलेलं असतं. तिसरी मागवताना सांगतात, 'रिकव्हरी'!

उतरताना मात्र चित्र पालटतं. चढावर जे वजन नडलं तेच उतारावर पळवतं. बारीक पोरं ब्रेक न लावता जितकी जातात, तितके हे ब्रेक लावून जातात. खाली येईपर्यंत बोटं आखडलेली आणि चाकाची रिम हात लावू नये इतकी तापलेली. पोरं म्हणतात, काका, हळू! काकांना तेवढ्यासाठीच तर वर जायचं असतं.

आणि आता ताजी खबर. अमेरिकेत शर्यतींमध्ये वजनदार गड्यांचा वेगळा गट असतो, नाव क्लाइड्सडेल. ते नाव स्कॉटलंडच्या ओझं ओढणाऱ्या घोड्यांच्या जातीचं! हे कळल्यापासून आमच्याकडे खलबतं चालू आहेत. कुस्तीला वजनी गट, मग घाटाला का नको? मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' असतो, मग घाटाचा महाराजाही पाहिजे, वगैरे. गटाचं नाव 'गजदल' ठरलं, सगळ्यांना सारखे टी-शर्ट शिवायचंही ठरलं. मापाचा कागद फिरवला आणि सगळं तिथेच अडलंय, कारण प्रत्येकानं आपलं माप एक नंबर कमी लिहिलंय.